दादाचं गोड जेवण

३ मे, शुक्रवार

पुरण आंबलं!

पहाटे उठून डाळ शिजवली, वाटली, जायफळ घातलं. पोळ्या पार गार केल्या, सुती फडक्यात गुंडाळल्या, मंगच डब्यात भरल्या. काय उपयोग! पुलगावहून वर्धा, वर्ध्याहून केळझर — दोन एसट्या, आन दोन्हीत खिडकीतून नुसती भट्टी. दादाच्या घरी डबा उघडला तं वास आला. रंभावहिनीनं नाक मुरडलं नाई, पण झाकण घाईनं लावलं. दादा म्हणे, ‘‘आण, आण इकडं.’’ पोळीचा कोपरा जिभेवर ठेवला आन तसाच बसला. ‘‘चांगलं झालं वं मंजू.’’

खोटारडा! आंबट पुरणाले चांगलं म्हणणारा हा माणूसच नाई. भाजीत मीठ कमी पडलं तं ताट सरकवून उठायचा.

त्याच्या गालातला फोड कॅन्सरचा निघाला, हे आता सगळ्याइले माहीत आहे. तोंड चमच्यापुरतं उघडते. खर्रा, दुसरं काय! तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटायचा आन गालात दाबायचा. वावरात जाताना एक पुडी, येताना एक. वहिनी ओरडल्या, मी ओरडली, त्याच्या अंगावरची माशीबी हलली नाई. आता डॉक्टर म्हणते, एका बाजूचा जबडा काढावा लागते, तोही लवकर. दादा म्हणते नाई. ‘‘तोंडच काढून टाकलं तं जगून खाऊ काय?’’ रक्षानं, त्याच्या पोरीनं, नागपूरहून येऊन पाय धरले. नाई म्हणजे नाई. आज मीबी विषय काढला. खिडकीबाहेर पाहत म्हणाला, ‘‘आधी पार्टी होऊ दे. मंग पाहू.’’

पार्टी म्हणजे बोर धरणाची. दरसाल उन्हाळ्यात दादाची वांगी-टमाटर निघाली, वाफे खाली झाले, की आम्ही सगळे धरणावर जातो. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आन वांग्याची भाजी, डोळ्यातून पाणी येईल अशी तिखट. यंदा दादाले तिखट जिभेवर ठेववत नाई. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं — यंदा गोड. उन्हात धरणापर्यंत टिकलं पाह्यजे आन दादाच्या तोंडात गेलं पाह्यजे, असं काहीतरी. चार माणसांत बसून तो पोटभर जेवला तं ऑपरेशनले हो म्हणेल. मी ओळखते त्याले. त्याचा राग आन त्याची खुशी, दोन्ही पोटातूनच जातात.


५ मे, रविवार

पंचेचाळीस. कूलरमधलं पाणीबी गरम. आमरसाचा विचार केला आन सोडला. पोचेपर्यंत काळाठिक्कर पडते.


७ मे, मंगळवार

गोरसपाक पाठवला, गाईच्या तुपातली ती खुसखुशीत बिस्किटं. वर्ध्याचा माणूस पुण्याले जावो का अमेरिकेले, त्याच्या ब्यागेत गोरसपाक असतेच. ऊन लागो, धक्के बसो, त्याले काही होत नाई. माह्या डोक्यात आधीच काऊन नाई आला, म्हणून स्वतःलेच शिव्या घातल्या. पीयूष सकाळी मोटरसायकलनं वर्ध्याले जातेच, गाड्यांच्या शोरूममध्ये आहे तो. त्याले म्हटलं, सुटी झाली की तसाच मामाकडं जा, पुडा देऊन ये. गेला बिचारा. माहा पोरगा बोलते कमी, पण मामाचं काम म्हटलं की उन्हातान्हात जाते.

रात्री दादाचा फोन. ‘‘मंजू, रेती आहे बाई ही.’’ कण जखमेत जाऊन बसले म्हणे. वहिनीनं दुधात भिजवून दिला तं दूध तेवढं पिला.

टिकते ते कोरडं. कोरडं त्याले चालत नाई. चालते ते ओलं, आन ओलं टिकत नाई! देवा, आता मी करू काय?

ह्याइले विचारलं. पेपरातून तोंड बाहेर न काढता म्हणाले, ‘‘आइस्क्रीम घेऊन जाय.’’

डेपोत सारी नोकरी केली, बारूद सांभाळली म्हणे. अक्कल कुठी सांभाळायले दिली होती कोण जाणे.


१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. आईबाबाची घागर दरसाल दादा भरते. यंदा फोन करून म्हणाला, ‘‘तूच भर तिकडं. मले खाली वाकलं की ठणकते.’’ भरली. पन्हं केलं, पोळी केली, निवद दाखवला. घागरीपुढं बसली होती तं मनात आलं ते अठी लिहीत नाई.


१३ मे, सोमवार

श्रीखंड घरीच तपासून पाह्यलं. डबा स्कूटीच्या डिक्कीत ठेवला, स्कूटी अंगणात उन्हात. दुपारी उघडलं तं पाणी वेगळं, चक्का वेगळा, आन वास असा की मांजर पळालं. हे दारात उभे. म्हणाले, ‘‘कॅन्सरच्या आधी तूच मारशीन भावाले.’’

थट्टाच केली त्याइनं, कळते मले. पण मी जी आत जाऊन पडली ती पडली. संध्याकाळी टरबूज घेऊन आले. फोडी केल्या, बिया काढल्या, ताटली माह्यापुढं सरकवली. दोघांनी खाल्लं. 


१६ मे, गुरुवार

आज जे झालं ते लिहावं वाटत नाई. पण लिहिते.

कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, घाऱ्या केल्या. कोहळं दादाच्याच वावरातलं — त्यानंच मागच्या खेपेले पिशवीत घालून दिलं होतं. किसून गुळात शिजवलं, कणीक मळली, मंद आचेवर तळल्या. मऊसूत! एसटीत डबा मांडीवर घेऊन गेली. उघडला तं जशाच्या तशा, ना वास, ना घाम. मले वाटलं, जिंकली बाप्पा!

वहिनीनं घारी कुस्करली, वर तूप सोडलं. दादानं पहिला घास घेतला. त्याले खुश करावं म्हणून मी बोलून राह्यली होती, आईच्या हातच्या घाऱ्या आठवते का, तू चोरून खायचा आन नाव माह्यं सांगायचा. तो हसला. हसताना तोंड ताणलं असेल का घास आडवा गेला असेल, ठसका लागला. वाटीत रक्त पडलं. जास्त नाई, थोडंसंच. पण पिवळ्या घारीवर ते दिसलं.

त्यानं वाटी स्वतःच उचलली, मोरीत जाऊन धुतली. परत आला आन भिंतीकडं तोंड करून निजला. वहिनी चुलीपाशी पदर तोंडात घालून रडल्या. मी काय समजावणार! मलेच कोणी समजावलं पाह्यजे.

डबा परत आणला. पीयूषनं विचारलं, ‘‘मामानं खाल्लं?’’ हाव म्हटलं.


१८ मे, शनिवार

माह्या हाताले लकवा का नाई मारला!

सकाळी घरच्या ग्रुपवर पार्टीचं कळवायचं होतं. दरसाल दादा कळवते, ‘पार्टी पार्टी’ म्हणून. यंदा मी टाकलं. सगळ्याइले आधीच समजावं की रोडगे-तिखट काही नाई, कोणी ठेचा घेऊन येऊ नये, यंदा सगळं गोड आहे. म्हणून मी नीट, शुद्ध भाषेत लिहिलं — ‘‘रविवार दि. २६ रोजी बोर धरण येथे बापूरावदादांचे गोड जेवण ठेवले आहे. सर्वांनी अवश्य यावे.’’ खाली हात जोडल्याचं चित्र.

पाठवलं आन कपडे वाळू घालायले गच्चीवर गेली.

खाली आली तं फोन नुसता थरथरून राह्यला होता. अमरावतीचे बंडूजी, दादाचे साडू, ढसाढसा रडत, ‘‘कधी झालं वं बाई? परवा तं बोललो मी त्याच्याशी!’’ मले समजेना. मी म्हटलं, काय कधी झालं? ते म्हणाले, ‘‘कळवलं नाई, मातीले बोलावलं नाई, एकदम गोड जेवणाचंच कळवता?’’

मंग डोक्यात उजेड पडला. तेरवी झाल्यावर घराचं सुतक सोडवाले जे घालतात, ते गोड जेवण! जन्म गेला त्या पंगती वाढण्यात, आन स्वतःच्या हातानं, स्वतःच्या जित्या भावाचं...

ग्रुप उघडला. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. कोणी तं दादाचा फोटोबी टाकला, हार घातलेला! इतक्या लवकर हार कुठून घालतात हे लोक? मी घाईघाईनं पुसायले गेली तं आपल्याच फोनवरचं पुसलं गेलं, बाकी सगळ्याइच्या फोनवर तसंच. पीयूष कामावर. हे अंघोळीले.

वहिनीचा फोन आला. ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, ‘‘मंजूबाई, तुम्ही माह्या कुंकवाची तेरवी करून टाकली.’’ आन ठेवला.

ग्रुपमध्ये दादाबी आहे, हे मले तेव्हा आठवलं.

दुपार झाली. मंग दादाचा मेसेज आला. एका बोटानं टाइप करते तो, जोडाक्षरं त्याले येत नाईत.

‘‘मी बापूराव. अजून आहे. गोड जेवणाले मीच येणार. जागा धरून ठेवजा.’’

वाचून मी हसली. हसता हसता जी रडाले लागली, ह्याइनं येऊन गॅस बंद केला, तवा जळून राह्यला होता.


१९ मे, रविवार

वहिनी फोन उचलत नाई. देवापुढं नाक घासलं. सरस्वती, जिभेवर बसली तं बसली, पण माह्या बोटावर बसू नको, लिहिलेलं खरं करू नको म्हटलं.


२० मे, सोमवार

दादाचाच फोन आला. मी माफी मागाले लागली तं मधातच तोडलं. ‘‘रडू नको. मेल्यावर कोण काय म्हणते ते फुकटात समजलं. बंडूजी म्हणे लय रडला? मागं सासऱ्याच्या वावरावरून तीन साल बोलला नव्हता तो माह्याशी.’’

मंग म्हणे, ‘‘मंजू, तो हारवाला फोटो चांगला आला आहे पण. कोणता आहे तो?’’

रक्षाच्या लग्नातला म्हटलं.

‘‘हाव. तेव्हा तोंड भरलं होतं माह्यं.’’

 पार्टी रद्द करू का विचारलं तं भडकला. भडकला म्हणून बरं वाटलं.


२२ मे, बुधवार

सकाळपासून लाइन नाई, पंखा-कूलर सगळं बंद. स्वयंपाकाले उभं राहवेना, भूकबी नव्हती. ह्याइले सातू कालवून दिला, मीबी घेतला. भाजलेल्या गहू-डाळव्याचं पीठ, त्यात गुळाचं पाणी, विलायची. ओसरीत बसून दोन चमचे खाल्ले आन तिसरा तोंडातच राह्यला.

अवं बाई! सातू!

पीठ कोरडं. महिना टिकते, उन्हाच्या बापाले भीत नाई. गूळ कोरडा. पाणी धरणावर न्यायचंच आहे. तठीच कालवायचा, पाह्यजे तितका पातळ. चावायचं काम नाई, कण नाई, तेल नाई, तिखट नाई. दरसाल उन्हाळ्यात डबाभर दळून ठेवते मी, आन पुरण, श्रीखंड, घाऱ्या करत बसली येड्यासारखी!

हे म्हणाले, ‘‘पार्टीत सातू? पाहुणे हसतीन.’’ हसू दे. पाहुण्याइसाठी सांजोऱ्या करीन, चांगल्या कडक, हव्या तितक्या. दादाले सातू.

उद्या नव्यानं गहू भिजवते. दळून, कपड्यातून गाळून घेते. एक कण राह्यला नाई पाह्यजे.


२५ मे, शनिवार

नवतपा लागला, आता नऊ दिवस नुसती आग. सांजोऱ्या झाल्या. रवा तुपात खमंग भाजला, साखर-विलायची, वरून कडक पारी. सातू दोनदा गाळला. वहिनीनं शेवटी फोन उचलला. ‘‘सकाळी लवकर येजा,’’ एवढंच म्हणाल्या. एवढं पुष्कळ आहे.


२६ मे, रविवार

आलो. अंग भाजलं आहे, पाय सुजले, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाई.

पीयूषनं शोरूममधून गाडी मागून आणली, त्यातून पुलगाव, केळझर, सगळ्याइले गोळा करत धरण. पाणी लय आत गेलं आहे, काठाले भेगाच भेगा. कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या. बंडूजी आले होते, दादाच्या समोर येईनात. दादाच म्हणाला, ‘‘काय बंडूजी, हार घरीच राह्यला काय?’’ सगळे हसले. बंडूजी हसता हसता दादाच्या गळ्यात पडले. वहिनी तिकडं तोंड फिरवून पातेल्याचं झाकण काढून राह्यल्या होत्या, पातेल्यात काही नव्हतं.

मी सातू कालवला. सुराई ओल्या कपड्यात गुंडाळून नेली होती, तिचं पाणी गार होतं. गूळ विरघळवला, पीठ हळूहळू सोडलं.  परीक्षेले बसल्यासारखं वाटून राह्यलं होतं. दादानं पहिला चमचा घेतला. डोळे मिटले.  त्यानं दुसरा घेतला. मंग तिसरा. मंग वाटी तोंडालेच लावली! बोटानं पुसून खाल्ली आन मले म्हणे, ‘‘आणखी आहे काय वं?’’

उन्हाळा लागल्यापासून हे शब्द ऐकले नव्हते. मी झाडामागं गेली आन पोटभर रडली.

पीयूष मामाले चिकटूनच बसला. ‘‘आई, मलेबी सातूच दे.’’ दुनिया सांजोऱ्यांवर तुटून पडली होती, ठेचा-भाकर बंडूजीनं आणलीच होती लपवून. हा पोट्टा मामासोबत पातळ सातू पिऊन राह्यला होता. दादा म्हणाला, ‘‘सांजोरी काऊन नाई घेत बे?’’

‘‘आवडत नाई मामा.’’

‘‘लहानपणी तं डबा उपडा करायचा.’’

‘‘आता नाई आवडत.’’

‘‘ठेचा?’’

‘‘उन्हाचा नको.’’

दादा त्याच्याकडं लय वेळ पाहून राह्यला. मले भरून आलं. मामा खात नाई म्हणून पोराच्या घशाखालीबी उतरत नाई, असा जीव आजकाल कोण लावते! मंग दादा त्याले घेऊन पाण्याकडं गेला. दोघं लांब, उन्हात उभे. दादाच बोलत होता. पीयूष खाली मान घालून पायानं माती उकरत होता. वहिनी म्हणाल्या, काय बोलत असतीन? मी म्हटलं, वावर भाच्याच्या नावावर करत असन, रक्षाच्या नवऱ्याले सावध करा. हसल्या त्या! माह्याशी हसल्या!

सतरंज्या घडी करताना दादा सगळ्याइपुढं म्हणाला, ‘‘करून टाकू ऑपरेशन.’’

असं सहज. जसं काही वांग्याचं रोप लावू म्हणावं. रक्षा, नागपूरहून सरळ धरणावर आली होती ती, लगेच डॉक्टरले फोन लावाले लागली. माह्या हातातली सतरंजी सुटली.


२७ मे, सोमवार

दादानं अट घातली. भरती व्हाले पीयूषच घेऊन जाईन, आन डॉक्टरपुढंबी तोच सोबत बसन. रक्षानं सुट्टी टाकली आहे, ती नाराज. मी समजावलं, राहू दे, माणसाचा एकेकावर भरवसा असते. पीयूष आधी टाळत होता, शोरूमचं काम आहे म्हणे. मी अशी ओरडली की तयार झाला.

शेजारच्या आनंदाबाईले सांगून आली. ह्याइलेबी सांगितलं, जे डॉक्टरले जमलं नाई, पोरीच्या रडण्यानं झालं नाई, ते माह्या वाटीभर सातूनं केलं. खोटं काऊन बोलू, छाती फुगली माह्यी. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.


३१ मे, शुक्रवार

दादा भरती झाला. मीबी गेली होती, सातूचा डबा घेऊन.

डॉक्टरनं तपासायले बोलावलं तं दादा खुर्चीवर बसलाच नाई. पीयूषले खांद्याले धरून बसवलं. ‘‘साहेब, आधी याचं पाहा. धरणावर यानं सांजोरी फोडली नाई, तिखटाले हात लावला नाई. खर्रा खाऊन माह्यंबी असंच सुरू झालं होतं. याले अठी आणाचं होतं म्हणून मी आलो.’’

पीयूष माह्याकडं पाहून राह्यला.

डॉक्टर म्हणाला, तीन बोटं उभी धर, तोंडात घाल, चांगल्या तोंडात तिन्ही जातात.

दोनच गेली.